खिळे सरळ करण्याचे १२० तास

महाराष्ट्रात वाड्या पुष्कळ आहेत. सावंतांची आहे, नरसोबाची आहे, गिरगावात तर फणसांचीही आहे. आमची नुसतीच वाडी. मागेपुढे कोणी नाही. नागपुरातून अमरावती रोडने निघायचं, विद्यापीठाचा कॅम्पस मागे टाकायचा, आणि रस्त्यावर माणसांपेक्षा ट्रक जास्त दिसायला लागले की समजायचं, आली वाडी. एका अंगाला आयुध निर्माणीची वसाहत, बाकी सगळीकडे गोदामं, वजनकाटे, पंक्चरवाले आणि ढाबे. देशातली कुठलीही वस्तू, मग ती तिरुपूरची बनियन असो की लुधियानाची सायकल, आमच्याकडे दोन दिवस मुक्काम करून पुढे जाते. मुक्कामाला थांबत नाही ते फक्त नाटक. ते थांबावं म्हणून आम्ही आठ-नऊ जणांनी एक संस्था काढली आहे. संस्थेला लेटरहेड आहे, शिक्का आहे, अध्यक्ष आहेत. प्रेक्षकांचं बघतो आहोत.

मी एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या फाडतो आणि उरलेल्या वेळात रंगभूमीची सेवा करतो. २६ वर्षांत मी पोस्टमन झालो, दुसरा शिपाई झालो, तीनदा जमाव झालो. राज्य नाट्य स्पर्धेतही उतरलोय. ही स्पर्धा कित्येक दशकं चालू आहे. तिच्यात जिवंत माणसांनी काय काय करून दाखवलं असेल ते असो, मी प्रेत होतो. पहिल्या अंकाचा पडदा वर गेला तेव्हापासून आडवा. परीक्षकांनी माझ्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. दिग्दर्शक म्हणाले, "हीच पावती. श्वास दिसला असता तर नक्की लिहिलं असतं."

तर या संस्थेच्या अध्यक्षांना, म्हणजे आमच्या भाऊंना, गेल्या वर्षी उन्हाळी नाट्यमहोत्सवाचं वेड लागलं. त्यांचा भाचा परदेशात असतो. त्याने एडिंबरोचे फोटो पाठवले. तिथे म्हणे ऑगस्टमध्ये सगळं शहरच नाटक करतं, १९४७ पासून. फ्रान्समधल्या अव्हिन्यॉंचा महोत्सवही १९४७ चाच, तोही उन्हाळ्यातला. "त्या साली आपण स्वातंत्र्यात अडकलो," भाऊ म्हणाले, "नाहीतर आपलाही झाला असता."

"भाऊ, फोटोत लोकांनी स्वेटर घातलेत," मी म्हणालो.

"मग?"

"त्यांचा उन्हाळा आणि आपला उन्हाळा..."

नागपूरचा उन्हाळा काय असतो हे नागपूरकराला सांगावं लागू नये. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ नोंदवलं गेलंय. ३० मे २०२४ ला तर एका स्वयंचलित केंद्राने थेट ५६ अंश दाखवले. देशभर बातमी झाली. मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. आमच्याकडे कोणालाच ते पटलं नाही. सेन्सर बिघडला नव्हता, तो बोलायला लागला होता. अशा दिवसांत शहाणा माणूस खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा आणि पोटात पन्हं घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. आम्ही नाटक घेऊन ओलांडला. शिवाय उद्घाटनाला पुण्याचे एक मान्यवर बोलावले. ते फोनवर म्हणाले, "वाडी? वा! म्हणजे दत्ताचं दर्शनही होईल." आमच्याकडे दत्तवाडी आहे, म्हणून भाऊंनी निर्धास्तपणे "हो, हो" म्हटलं. गृहस्थांनी कोल्हापूरच्या गाडीचं तिकीट काढलं होतं हे आम्हाला आदल्या रात्री कळलं.

पण मुद्दा इंटर्नचा.

एप्रिलच्या बैठकीत भाऊंनी एक पत्र वाचलं. "एका कॉलेजाच्या पाच विद्यार्थ्यांना आपल्याकडे इंटर्नशिप पाहिजे आहे."

"इंटर्वलच्या आधी की नंतर?" खजिनदारांनी विचारलं. ते फक्त चहाच्या हिशेबापुरते जागे असतात.

भाऊंनी समजावलं. नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून पोरांना वर्गाबाहेर काम केल्याचे तास दाखवावे लागतात. तीस तासांचं एक क्रेडिट, चार क्रेडिट म्हणजे १२० तास. बँका भरल्या, दवाखाने भरले, सीएंच्या ऑफिसांत उभं राहायला जागा नाही. उरलेले पाच आपल्याकडे वळलेत. मग भाऊंनी पाचाला १२० ने गुणलं आणि त्यांचा आवाज कापरा झाला. "सहाशे तास! फुकट!" आमच्या संस्थेला २६ वर्षांत सगळ्या सभासदांनी मिळून एवढे तास दिले नसतील. त्यातले निम्मे तर कोण उशिरा आला यावर गेलेत.

मार्गदर्शक म्हणून माझं नाव एकमताने ठरलं. "तुमच्याकडे गाडी आहे," दिग्दर्शक म्हणाले, "आणि यंदा तुम्ही झाड आहात. तुम्हाला वेळच वेळ."

आमच्या लहानपणी या प्रकाराला उमेदवारी म्हणत. तो शब्द निवडणुकीवाल्यांनी पळवला. आता उमेदवार म्हटलं की हात जोडलेला माणूस डोळ्यापुढे येतो, हाताने काम करणारा नाही. पण खरं सांगू का, वाडीला इंटर्न नवीन नाहीत. आमच्याकडे प्रत्येक ट्रकमध्ये एक असतो. त्याला क्लीनर म्हणतात. तो टायरवर लोखंडी दांडा मारून हवा आजमावतो, काच पुसतो, ताडपत्री बांधतो, उस्तादसाठी चहा आणतो, आणि गाडी मागे घेताना पाठीमागे उभा राहून डाल्यावर थाप मारत "आन दे, आन दे" ओरडतो. हे सगळं चार-पाच वर्षं निमूट केलं की एका रात्री सुनसान रस्त्यावर उस्ताद म्हणतो, "ले, पकड." त्याच्याजवळ लॉगबुक नसतं, आणि कोणी त्याला मूल्यमापनाचा फॉर्म भरून देत नाही. गाडी झाडाला लागली नाही, हेच मूल्यमापन.

पहिल्या दिवशी पाचही जण वेळेवर आले. आमच्या संस्थेत हे कोणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे दार उघडायलाच कोणी नव्हतं. आमचं सामान एका गोदामाच्या पत्र्याच्या खोलीत असतं. तिथे सकाळी दहालाच पापड भाजून निघावा. पाचांत एक उंच मुलगा होता, बीसीएचा, मानेपर्यंत घामेजलेला. एक बीकॉमची मुलगी, हातात वही, वहीत आधीच आखलेले रकाने. दोन मैत्रिणी, ज्या समोरासमोर बसून एकमेकींना मेसेज करत होत्या. आणि एक शांत मुलगा, वडसा-देसाईगंजकडचा, इथे खोली करून शिकणारा. त्याने मला वाकून नमस्कार केला. मी दचकलो. नाटकात मला कोणी नमस्कार केला तो फक्त प्रेत असताना.

दिग्दर्शकांनी चाळीस मिनिटं गुरुशिष्य परंपरेवर भाषण दिलं. त्यांचं म्हणणं, मराठी रंगभूमीवरचा सर्वांत मोठा इंटर्न म्हणजे 'कट्यार काळजात घुसली'तला सदाशिव. १९६७ सालचं नाटक, लिहिणारे आपल्या नागपूरचेच पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तर. "खाँसाहेबांच्या हवेलीत चोरून चोरून गाणं शिकला तो! मागितलं का त्याने काही?"

"सर, स्टायपेंड नव्हता?" बीकॉमच्या मुलीने विचारलं.

"स्टायपेंड? अगं, गुरूजवळ कट्यार होती, आणि एक खून माफ होता!"

तिने वहीत काहीतरी लिहिलं. नंतर मी डोकावलो. लिहिलं होतं : 'कार्यस्थळावरील सुरक्षा : समाधानकारक नाही.'

मग उंच मुलाने तो प्रश्न विचारला. "सर, आमचा जॉब रोल काय राहील?"

"खिळे," दिग्दर्शक म्हणाले.

"म्हणजे?"

"सरळ करा."

हौशी नाटकवाल्यांना हे सांगावं लागणार नाही. इतरांसाठी : नाटक संपलं की सेट मोडतात, फळ्यांतून खिळे उपटतात, ते वाकतात, आणि पुढच्या नाटकासाठी ते दगडावर ठेवून हातोडीने सरळ करावे लागतात. नवे का घेत नाहीत? हा प्रश्न आमच्याकडे १९९९ मध्ये एकदा विचारला गेला होता. विचारणारा आता आमच्यात नाही. तो दुसऱ्या संस्थेत गेला. आमच्या डब्यातले काही खिळे इतक्या नाटकांतून गेलेत की त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा आहे. भूमिकाही.

तीन दिवस पाच पदवीधर-होऊ-घातलेली मुलं खिळे ठोकत बसली. अंगठे सुजले. एका मैत्रिणीने दुसरीला फोटो पाठवला, जी शेजारीच बसली होती. वडशाकडचा तो मुलगा मात्र एका फटक्यात खिळा सरळ करायचा आणि बोलायचा नाही. चौथ्या दिवशी बोलला.

"काका, तिकीट कितीचं ठेवलं जी?"

"तिकीट नाही. मोफत प्रवेश."

तो माझ्याकडे असा पाहू लागला, जणू मी खिळा वाकडाच ठोकायला सांगितलाय. "फुकट कोण नाटक पाहते जी?"

मग त्याच्याकडून जे ऐकलं ते मला अर्धंमुर्धं माहीत होतं, पण त्याच्या तोंडून ऐकताना कानशिलं गरम झाली. त्यांच्याकडे, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टीत, दिवाळीनंतर मोसम सुरू होतो तो होळीपर्यंत. कंपन्यांची ऑफिसं वडशात, तिथे जाऊन गावाने नाटक बुक करायचं. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो, पहाटे पडतो. लोक तिकीट काढतात, थंडीत घोंगडी-चादर पांघरून बसतात, उठत नाहीत. गावात नाटक असलं की घरोघर पाहुणे. सोयरिकी जुळतात. झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा त्याच्या गावात पेढे वाटले म्हणे.

"आणि उन्हाळ्यात?" मी विचारलं.

"उन्हाळ्यात कोण नाटक करते जी?" तो म्हणाला. "जीव जाते ना."

मी हे भाऊंच्या कानावर घातलं नाही. पत्रिका छापून झाल्या होत्या.

दरम्यान बीकॉमवालीची वही भरत होती. मार्गदर्शक म्हणून रोज सही माझी, त्यामुळे वाचावी लागे. खिळ्यांसमोर तिने लिहिलं होतं 'संसाधनांचा पुनर्वापर, १८ तास'. कूलरच्या टाकीत बादलीने पाणी ओतणं म्हणजे 'वातानुकूलन व्यवस्थापन'. खजिनदारांकडून चहाचे पैसे काढणं म्हणजे 'निधी संकलन (अयशस्वी)'. मला त्या भाषेचा मोह पडला. माझा बायोडाटा असा कोणी लिहिला असता तर मी आज मुंबईत असतो. मी तिला म्हटलं, "बेटा, माझंही एक पान लिहून दे ना."

"लिहिते ना काका. तुम्ही नाटकात नेमकं काय करता?"

मी बराच विचार केला. "पडून असतो," मी म्हणालो. "यंदा उभा आहे."

महोत्सवातलं आमचं नाटक म्हणजे बालनाट्य. उन्हाळी बालनाट्याची एक अडचण कोणी लिहून ठेवत नाही. मे महिन्यात पात्रं मामाच्या गावाला जातात. तालमीला एप्रिलमध्ये बावीस मुलं होती. एक मेला सोळा. पहिल्या आठवड्यात प्रधान आर्वीला गेला. राक्षसाच्या आजीने आंबे पाठवले म्हणून राक्षस थेट रत्नागिरीला. ससा आणि कासव सख्खे भाऊ असल्यामुळे एकाच एसटीने गेले, शर्यत बारगळली. पहिलं आणि दुसरं झाड आत्याकडे. उरलो मी, तिसरं झाड, वय वर्षं ५३, एकटाच सगळं अरण्य. दिग्दर्शकांनी बीकॉमवाली प्रधान केली, दोघी मैत्रिणींना ससा-कासव केलं आणि उंच मुलाला राक्षस. राक्षसाचा वेश नवव्या वर्गातल्या पोराच्या मापाचा शिवलेला होता. शिंगं बसली, बाकीचं कमरेशीच थांबलं.

झाडाचा वेश गोदामातल्या बारदान्याचा. बारदाना म्हणजे पोत्यांचं तरट. तुरीचा वास, वर 'एफसीआय' असं छापलेलं. ते अंगाभोवती सुतळीने शिवलं आणि हातांना कागदी पानं डकवली. रंगीत तालमीला बाहेर ४५ होतं, बारदान्यात किती होतं ते त्या ५६ अंशवाल्या सेन्सरलाच विचारावं. अर्ध्या तासात माझ्या डोळ्यांपुढे खरोखरचं अरण्य आलं. तेव्हापासून एका मैत्रिणीची नेमणूक झाली, विंगेतून दर दहा मिनिटांनी माझ्या बुंध्यावर फवारणीच्या पंपाने पाणी मारायचं. संध्याकाळी वहीत नोंद आली : 'वृक्षसंवर्धन, २ तास.' मी सही केली.

महोत्सवाचं ठिकाण एक मंगल कार्यालय. मे म्हणजे लग्नसराई, त्यामुळे मुहूर्त नसलेला एकही दिवस शिल्लक नव्हता. शेवटी वरच्या हॉलमध्ये रिसेप्शन आणि खालच्या हॉलमध्ये महोत्सव अशी तडजोड झाली. त्याचा फायदाही झाला. सिंहासनाचा खर्च वाचला. नवरानवरीच्या त्या लाल मखमलीच्या, सोनेरी पाठीच्या खुर्च्या खालीच पडून होत्या. राजा आणि राणी त्यांवर बसली. राजा अकरा वर्षांचा, फेट्यात. राणी दहाची, शालूत. प्रेक्षकांत पालक, कूलरसमोरच्या दोन रांगांत. झाडीतला मुलगा प्रॉम्प्टर. त्यांच्याकडे प्रॉम्प्टर म्हणजे फार मोठा माणूस. तो विंगेत कुजबुजत नसे, खड्या आवाजात सांगत असे. त्यामुळे प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येई, पहिल्यांदा जास्त चांगलं.

दरबाराचा प्रवेश चालू होता. मी डावीकडे, झाड. दार उघडलं आणि सफारीतले एक गृहस्थ आत आले. त्यांनी मंचावरचे दोघं पाहिले, खुर्च्या पाहिल्या, फेटा पाहिला आणि सरळ पायऱ्या चढून वर आले. राजाच्या हातात पाकीट ठेवलं. राणीला "सुखी राहा बेटा" म्हणाले. राक्षसाशी हस्तांदोलन केलं. बहुधा मुलीकडचे समजले असावेत. मग कॅमेऱ्यासाठी मध्ये उभे राहिले. राजाने पाकीट तिथेच उघडलं आणि ओरडला, "आई, १०१ आहेत!"

गृहस्थांनी आजूबाजूला पाहिलं. कोणी काही बोलेना, तेव्हा ते माझ्याकडे वळले. "जेवण कुठं आहे हो?"

झाडाला संवाद नव्हता. २६ वर्षांच्या शिस्तीने मी श्वास रोखला. आणि विंगेतून खणखणीत आवाज आला, "झाड! सांगा जी, वरच्या मजल्यावर!"

मी उजवी फांदी हळूच उचलली आणि वर दाखवलं.

जी टाळी पडली ती मी विसरणार नाही. माझ्या हालचालीला पडलेली पहिली टाळी. गृहस्थांनी झाडाला नमस्कार केला आणि निघाले. वाईट एवढंच झालं की त्यांच्यामागोमाग मागच्या रांगेतलेही उठले. तासाभराने परत आले तेव्हा त्यांच्या तोंडाला जिलबीचा पाक होता. राक्षसाचा वध त्यांनी मोठ्या तृप्तीने पाहिला.

दुसऱ्या दिवशी सेट परत न्यायचा होता. रायपूरला रिकामी निघालेली एक गाडी मी रिटर्न भाड्यात पटवली. गोदामापर्यंत दोन किलोमीटर, भाडं म्हणजे पोहे. फळ्या चढल्या, खिळ्यांचा डबा चढला, सगळे परत वाकडे झालेले. कार्यालयाच्या गल्लीतून गाडी मागे काढायची, आणि क्लीनर वरच्या मजल्यावर उरलेल्या जिलब्यांच्या चौकशीला गेलेला. तेवढ्यात पाठीमागून डाल्यावर थाप पडली. "आन दे... आन दे... डावीकडे कट... आन दे... बस!"

आमचा राक्षस होता. विजेच्या खांबापासून बोटभर अंतर ठेवून गाडी बाहेर आली. उस्तादने खिडकीतून डोकं काढलं.

"नवीन पोऱ्या कोणाचा?"

"इंटर्न आहे," मी म्हणालो.

"पगार किती देता?"

"पगार नाही."

"जेवण?"

"पोहे देतो. तर्री संपली नसली तर तर्री."

उस्तादने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला पुन्हा बारदान्यात शिरावंसं वाटलं. मग तो पोराला म्हणाला, "आमच्याकडं चल. दोन टाइम जेवण देतो, ढाब्यावर."

राक्षस माझ्याजवळ आला आणि हळूच विचारलं, "काका, वहीत माझे ९९ तास झाले. रायपूर जाऊन-येऊन किती धरता?"